ओरिजिनल म्हणजे कोणाचं

अमडापूर, २१ सप्टेंबर

प्रिय रुपाली,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावर फार विसंबू नकोस. परवा तू बोलत असताना मी मध्येच फोन ठेवला. रागात मला तोंडानं नीट बोलता येत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे आणि त्याचा फायदा तू शाळेपासूनच घेत आली आहेस. म्हणून हे पत्र.

काय झालं ते आधी सरळ लिहिते, कारण तुझ्या तोंडी त्याचा 'छोटासा गैरसमज' झाला होता. आपल्या आळीतल्या अकरा मुलींनी भुलाबाईचं गाणं म्हटलं, माझ्या भावजयीनं, पूनमनं, ते मोबाइलवर घेऊन सगळ्यांना दिसेल असं टाकलं. चौथ्या दिवशी ते काढून टाकल्याचा मेल आला. गाण्याचे हक्क म्हणे तुझ्या चॅनलकडे आहेत. मग खामगावचा कार्यक्रम भरवणाऱ्या भगवंतरावांचा फोन, "मॅडम, पोरी मस्त गातात, पन गानं ओरिजिनल रुपाली मॅडमचं हाय म्हनते. त्याईची परवानगी आना, नाहीतर मले नाव कापा लागीन." कार्यक्रम अठ्ठावीसला आहे. मुलींचे एका रंगाचे परकर शिवून आले आहेत. पूनमची छकुली नऊ वर्षांची. मला म्हणाली, "आत्या, आपल्याच आजीचं गानं आपल्यालेच काऊन म्हनू देत नाई बे?" आत्याला 'बे' म्हणू नये, एवढंच उत्तर मला देता आलं.

आणि तुझं उत्तर काय, तर "छाया, कंटेंट ओरिजिनल लागतो गं. मेहनत घेतलीय मी."

मेहनत मी पाहिली आहे. गेल्या वर्षी भाद्रपदात तू आलीस, ओसरीवर आईसमोर कॅमेरा लावलास. तिला दम लागत होता. तू म्हणत होतीस, "काकू, अजून एकदा, पहिल्यापासून." तिनं चार वेळा म्हटलं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि तुला थांबवलं नाही, कारण आई हसत होती. तुझ्यासमोर ती नेहमी तशी हसायची. फेब्रुवारीत ती गेली. तुझ्या चॅनलवर गाण्याखाली लिहिलं आहे, 'ओरिजिनल गीत. शब्द व संगीत : रुपाली.' आईचं नाव नाही. आभारातही नाही. आभार आहेत ते कॅमेरा भाड्यानं देणाऱ्याचे.

मी ग्रंथालयात काम करते, तेव्हा शब्दकोश काढून बसणं ओघानं आलंच. तिथं दिलं आहे : मूळ, अस्सल, स्वतःच्या कल्पनेतून केलेलं. पण आपल्याकडे हा शब्द शब्दकोशातून आलेला नाही, दुकानातून आला आहे. मार्कशीट ओरिजिनल, म्हणजे झेरॉक्स नव्हे. मोटरचा पार्ट ओरिजिनल, म्हणजे कंपनीच्या डब्यातला. निवृत्तीमामा बियाण्याची पिशवी उलटीपालटी करून दुकानदाराला विचारतो, "ओरिजिनल हाय ना, का रात्री तूच भरली?" विचारणाऱ्याला प्रत्येक वेळी एवढीच खात्री हवी असते, की ही वस्तू जिथून आली म्हणतात तिथूनच आली आहे. तू नेमकं तेच लपवायला हा शब्द वापरलास. नऊ लाख लोकांनी पाहिलं, पण कुणीच मामासारखी पिशवी उलटी केली नाही.

मी केली. तुझ्या दाव्यावर आक्षेप घ्यायचा अर्ज भरायला बसले. त्यात 'मूळ कर्ता' असा रकाना आहे. मी आईचं नाव लिहिलं आणि माझाच हात थांबला. आपल्या आळीची रीत मला तुझ्याइतकीच माहीत आहे. भुलाबाई ज्या घरी जाईल तिथल्या मुलीनं गाण्याला एक कडवं जोडायचं. बाया हसल्या तर ते राहायचं, नाही तर दुसऱ्या दिवशी कुणी म्हणायचं नाही. जोडणारीला खिरापतीचा डबा आधी हातात मिळे, वाजवून आत काय आहे ते ओळखायचा पहिला मान. बस. नाव कुणी लिहून ठेवत नसे. मग आईचं नाव घालून मी वेगळं काय करत होते? तू तिचं नाव पुसलंस आणि मी इतर बायांची नावं पुसून तिचं लिहीत होते. तरी एक आधार होता. ट्रॅक्टरचं कडवं तरी आईचंच. लोक हसतात ते त्याच कडव्यावर, तुझं गाणं चाललं ते त्याच्याच जोरावर. ते आईचं आहे असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, तिच्या तेराव्यालाही सांगितलं. पुरावा हवा म्हणून शाळेपासूनच्या डायऱ्या काढल्या.

आता हे पत्र कशासाठी, ते. सोबत १९९६ सालच्या पानाचा फोटो आहे. अक्षर माझंच आहे. 'आज भुलाबाई रुपालीच्या घरी होती. तिनं जोडलं, माहेराच्या वाटेवर टॅक्टर फसला बाई, सासूबाई, लावा धक्का, तुमालेच होती घाई. बाया हसून लोळल्या. आईनं तिला जवळ घेतलं, म्हणाली, पोरगी लय हुशार हाय. माझ्या कडव्याला कुणी हसलं नाही.' हे मी कधी आणि कसं विसरले, हे मला सांगता येत नाही. सोयीचं होतं म्हणून विसरले असावे. पान फाडता आलं असतं. तू फाडलं असतंस, असं मला वाटतं, आणि असं वाटणं मी मागे घेत नाही. पण मी ते अर्जाला जोडलं आहे. मूळ कर्त्याच्या रकान्यात लिहिलं आहे : दोन ओळी रुपालीच्या, उरलेल्या बावीस अमडापूरच्या बायांच्या, ज्यांची नावं लिहून ठेवलेली नाहीत. अर्ज परवा जाईल. त्याआधी त्या बावीस ओळींवरचा दावा तू स्वतः सोडलास तर बरं, नाही सोडलास तरी अर्ज जाणारच. काल मुलींना बसवून खरं सांगितलं, की ते कडवं आजीचं नाही, रुपालीआत्याचं आहे. छकुलीनं विचारलं, "मंग म्हनाचं का सोडाचं?" माझ्या मनात खूप आलं की सोडा म्हणावं. म्हटलं, म्हणा. कडवं चांगलं आहे.

तुझीच, असं मात्र लिहवत नाही,
छाया