मॅलकीकाकांच्या थडग्यापाशी कोण उभं राहणार?

किलनामोना,
ऑगस्ट १९७४

प्रिय कॉन्सेप्टा आत्या,

तुला मनापासून नमस्कार. लिव्हरपूलच्या दमट हवेत गुडघा काय म्हणतो? इथं आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे रविवारपर्यंत होतो.

तुझ्या सांगण्यावरून मॅलकीकाकांचं थडगं शोधायला लागलो. (काका तुझे, माझे चुलत आजोबा. पण घरात त्यांचं नावच निघत नसल्यामुळे नातं जोडायची सवय नाही.) आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात आपल्या घरातला माणूस इंग्रजांच्या पोलिसात होता, हे आपण इतकी वर्षं झाकून ठेवलेलं. बाबा तर कुणी विचारलंच तर "टपालात होते" म्हणायचे आणि गाईंचा विषय काढायचे. तेव्हा गावात चौकशी करायची सोय नव्हती. मी डोकं चालवलं: आपल्यापैकी तिकडे कधी कुणी फिरकलं नाही, म्हणजे सगळ्यात जास्त रान माजलेलं थडगं तेच असणार. तसं एक बिननावाचं सापडलं. काटे उपटताना हात सोलून निघाले, पण जागा लख्ख केली आणि वर लाल फुलझाडंही लावली.

मग आला थडग्यांना आशीर्वाद देण्याचा रविवार. या दिवशी प्रत्येक घर आपापल्या माणसांच्या थडग्यापाशी उभं राहतं, फादर तीर्थ शिंपडत फिरतात, आणि कोण कुठे उभं आहे हे गाव देवापेक्षा बारकाईने बघतं, तुला माहीतच आहे. अट्रॅक्टा "तुमचा पोलीस तुम्हीच सांभाळा" म्हणून नवऱ्याला सोडून तिच्या आईवडिलांच्या थडग्याकडे निघून गेली. मी एकटा उभा. जो तो माझ्याकडे वळून बघत होता. आता आपलं बिंग फुटलं, या विचाराने मी खाली वाकलो. (कुणी विचारलंच तर बुटाची नाडी बांधतोय म्हणायचं ठरवलं होतं.)

शेवटी शेजारच्या डेलिया हॅनरहनबाई आल्या. "कॉर्मक, या टॉम लाव्हिनचा तुला कधीपासून एवढा पुळका?"

टॉम लाव्हिन म्हणजे आजोबांच्या गळ्यात आंधळा घोडा मारणारा दलाल. मी हळूच मॅलकीकाकांचं नाव घेतलं. बाई कुठल्या हळू बोलायला!

"तुमचा पोलीस होय? तो तिकडे भिंतीशी. तिथलं गवत आधी सासूबाई काढायच्या, आता मी काढते. छापा पडायच्या आदल्या दिवशी सासूबाईंना येऊन सांगून गेला होता, आज पोरांना घरी झोपवू नका. त्यातलंच एक पोर माझा नवरा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अरे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही."

आत्या, मला इतकी लाज वाटली की काय सांगू. असो. थडगं सापडलं, तू आता निश्चिंत राहा.

तुझा भाचा,
कॉर्मक

ता.क. आशीर्वादाचं मी वर काहीच लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. फादर भिंतीकडे पोचले तेव्हा मी बाबांच्या थडग्याशी जाऊन उभा होतो. काकांवर तीर्थाचं पाणी पडलं, पण जवळ फक्त डेलियाबाई होत्या.

आणखी एक. काकांच्या लोखंडी क्रुसावर नाव नाही. पाटी करायला टाकतो, पण त्यावर 'पोलीस' लिहायचं का ते तू सांग. आणि पुढच्या वर्षी त्या रविवारी तू ये. गुडघ्यासाठी खुर्ची नको, मी तुझा हात धरून उभा राहीन. लोकांना वाटेल, मीच तुला आधार देतोय.