आईची भाजी आणि कंपनीचा बैल

मैलापूर, चेन्नई
ऋषिपंचमीचा दुसरा दिवस

ती. विदुताईस,

विजूचा साष्टांग नमस्कार. (तुझा उजवा गुडघा नवीन बसवलाय, तेव्हा त्या पायाला जरा बेतानं केलाय.) व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंशी भांडू नकोस, सांगतात तेवढं चाल. आई, कुमुदिनी आणि मी तिघंही ठणठणीत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हं हं करतो, आणि यंदा मला सगळं सविस्तर सांगायचंय.

तुझ्या ऑपरेशनमुळे आई जूनमध्ये सांगलीहून इकडे आली, आणि त्याच महिन्यात माझी मंडई बंद झाली. म्हणजे कुमुदिनीनं केली. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं मी आलेला माल तपासून परत पाठवत होतो, ती सवय हाताला राहिली. दुधीला नख लावतो, भेंडीचं टोक मोडून बघतो. एके दिवशी भाजीवाल्या मामी तमिळमधून माझ्यावर अशा काही बरसल्या की बोलायची सोय नाही. मला काही कळलं नाही असं मी दाखवलं, पण कुमुदिनी शेजारीच उभी होती. त्याच संध्याकाळी फर्मान निघालं: भाजी आता घरपोच येईल, कंपनी तुम्ही निवडा.

निवडली. पहिल्या कंपनीच्या खोक्यातून हातभर लांब केळीचा गाभा आला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि देवापाशी उभा करून ठेवला, पूजेचा असेल म्हणून! दुसरीनं आठ दिवस ओळीनं पडवळ पाठवलं. (तक्रार केली तर त्यांनी माफी मागितली आणि नववं पडवळ भेट म्हणून धाडलं.) तिसरी मात्र एक नंबर. खोक्यावर मोठ्या शिंगांच्या बैलाचं चित्र, त्याखाली लिहिलेलं की ट्रॅक्टर नाही, फवारणी नाही, फक्त देशी बैलांच्या मेहनतीची भाजी. अळू, लाल माठ, भोपळा, सगळं ताजं फडफडीत. मी लगेच वर्षभराचा सभासद झालो आणि बिल्डिंगमधल्या चौघांना करून सोडलं.

आणि मग परवा, गणपती बसले त्या दुपारी, आई ऋषीच्या भाजीसाठी खोकं घेऊन बसली. चष्मा लावला. खोक्याकडे पाहिलं आणि ते पायानं दूर सारलं. अगं, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे मी साफ विसरलो होतो, आणि बैल तर खोक्यावर छापलेला! आईनं सरळ सांगितलं, उद्या मी पाण्यावर राहीन. गेल्या वर्षी तुझ्या परसातलं अळू पावसानं कुजलं तेव्हा ती अशीच राहिली आणि दुपारी न्हाणीत चक्कर येऊन पडली, हे तूच मला सांगितलं होतंस. 

कंपनीला फोन लावला. श्रीरंजनी नावाच्या मुलीनं उचलला. मी विचारलं, बैलानं हात न लावलेलं असं काही आहे का तुमच्याकडे? तिला वाटलं, मी प्राण्यांचा कैवारी. ती शपथेवर सांगू लागली की बैलांना रोज आंघोळ असते, दुपारी विश्रांती असते, रविवारी सुट्टी असते. मी म्हटलं, बाई, मला बिनकामाचे बैल हवेत. तर तिनं खात्रीसाठी एक बैल नांगर ओढतानाचा व्हिडिओच पाठवला. नेमका आईनं पाहिला. झालं!

शेवटी कुमुदिनीलाच आठवलं. सिरुसेरीला एक वेंकट म्हणून आहे, तो सातव्या मजल्याच्या गच्चीवर नळ्यांतल्या पाण्यात भाजी पिकवतो आणि घरोघर पोचवतो. आईनं स्वतः चौकशी केली (मी दुभाषी). बैल आहे का? नाही. नांगर? नाही. माती? तीही नाही. बैल लिफ्टमध्ये मावणार कसा, असं त्यानं उलट विचारलं, तेव्हा कुठे आईचं समाधान झालं. काल सकाळी भाजी आली: लेट्यूस, आणि एक चिनी पाला, त्याचं नाव मला अजून घेता येत नाही. कुमुदिनीनं कुंडीतली मिरची, चिंच आणि ओलं खोबरं घालून भाजी केली. टोपलीभर पाला शिजून वाटीभर उरला. आई देवाला हात जोडून भगरीबरोबर जेवली, आणि ताई, तिनं पुन्हा मागून घेतली! झकास झालीय म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन उगीचच भांडी घासली.

दाजींना नमस्कार. गुडघ्याची काळजी घे.

तुझा धाकटा,
विजू

ता. क. : अनंत चतुर्दशीनंतर तू आईला न्यायला येणार आहेस, तिकिटंही काढलीस. ती रद्द कर ना. खरं तर एवढं सगळं त्यासाठीच लिहिलं. इतकी वर्षं आई तुझ्याजवळ होती, माझ्या वाट्याला सुट्टीतले आठ-आठ दिवस आले. मला ती इथे हवी आहे गं. इथलं खाणं तिला मानवतं, हे वर सिद्ध केलंच आहे.

ता. क. २ (हे आईच्या हातचं) : विदू, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. भाजी भयंकर होती. गाईनंसुद्धा तोंड फिरवलं असतं. पण साठी उलटलेलं पोर ताटाशी उभं राहून माझ्या तोंडाकडे बघत होतं, मग घेतली आणखी थोडी. तिकिटं रद्द कर, मी इथंच राहते. भाजीचं मात्र त्याला बोलू नकोस.