व्याह्यांना टाको खाऊ घातले त्याची हकिगत

मेक्सिको सिटी, मंगळवार

आदरणीय काशिमिरोदादास,

धाकट्या तेयोचा नमस्कार. वहिनींनाही तोच, जरा जास्त वाकून. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, वहिनींची साखर उतरली का आणि तोलुकात थंडी कितपत आहे, हे सविस्तर कळव. इथे सगळे बरे आहेत. मी बरा आहे की नाही, ते हे पत्र वाचून तूच ठरव.

आपल्या इत्सेलचं लग्न जमत आलंय. मुलगा फाउस्तो, एर्मोसियो शहरातला. शनिवारी त्याचे वडील बाउदेलिओसाहेब एकटेच घर बघायला आले. उत्तरेकडचा माणूस, गुरांचा व्यापारी, डोक्यावर घमेल्याएवढी टोपी. (जेवतानाही काढत नाहीत. सूपात सावली पडते.) आल्या आल्या म्हणाले, "राजधानीतली सोयरीक म्हणजे धाकधूकच वाटते बुवा. इथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही म्हणे. ते असो, रस्त्यावरचे झकास टाको कुठे मिळतात तेवढं दाखवा." आता मी जन्माचा इथला, पण पोट नाजूक, बाहेरचं खात नाही. हे होणाऱ्या व्याह्यांना कसं सांगणार? आमच्या चेलो शेजारणीनं मागे कधीतरी सांगितलं होतं, चर्चच्या मागे निळ्या ताडपत्रीखाली एक गाडी लागते, तिला तोड नाही. तेवढ्या भांडवलावर निघालो.

चर्चच्या मागे रस्ता खणलेला, गाडीचा पत्ता नाही. आणि आपल्या लोकांना 'ठाऊक नाही' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, हे तुला माहीतच आहे. फुलवालीनं डावीकडे पाठवलं, पोलिसानं आलो होतो तिकडेच परत पाठवलं, आणि एका सज्जन काकांनी हाताला धरून किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात नेऊन सोडलं. (तो इतक्या अदबीनं बोलला की मी एक किल्ली करून घेतली. कशाची, ते विचारू नकोस.) व्याही मागून घड्याळ बघत चालत होते, म्हणजे सोयरीक मोडलीच असं मी धरून चाललो.

एवढ्यात एका गल्लीत निळी ताडपत्री दिसली. खाली उभ्या सळईवर मांसाचा भोवरा फिरतोय, त्याच्या माथ्यावर अननस, भोवती ही गर्दी. आम्ही घुसलो. गाडीवाल्यानं विचारलं, "कुणाकडचे तुम्ही?" मला वाटलं, सोयरिकीची बातमी इथवर पोचली. म्हणालो, "मी मुलीकडचा, हे मुलाकडचे." "मग आपलीच माणसं की. वाढा रे यांना." मक्याच्या पोळीतले ते टाको असे की माझं पोटसुद्धा गप्प बसलं. पैसे द्यायला गेलो तर एक जण रागावला, "मामा, लाजवता काय आम्हाला?" खुर्च्या आल्या. एका आजीबाईंनी व्याह्यांच्या मांडीवर तान्हं बाळ ठेवलं. मला नवल वाटलं, पण हल्ली धंद्यात काय काय करावं लागतं. मग केक आला, आणि टाकोच्या गाडीवर केक कशाला, असा विचार करताना मला फुगे दिसले.

दादा, तो बाप्तिस्मा होता. गाडी भाड्याची. बाळाच्या आईकडचे आम्हाला बापाकडचे समजत होते, आणि बापाकडचे आईकडचे.

मी घाम पुसत व्याह्यांना उठवायला गेलो, तर ते बाळ हलवत बसलेले, डोळे ओले. म्हणाले, "तेयो, तुमच्या माणसांत जीव आहे. मुलगी आमची झाली म्हणून समजा. रविवारी बायकोला इथेच घेऊन येतो." आता तूच सांग, अशा वेळी खरं कुठल्या तोंडानं बोलायचं?

वहिनींना सांभाळ, गुडघ्याला ऊब दे.

तुझा,
तेयो

ता. क. तुझी टाकोची गाडी लग्नकार्यांना जाते ना? रविवारी ती त्या गल्लीत आणून उभी कर. निळी ताडपत्री माझ्याकडून. गाडी कायमचीच तिथली आहे, असा चेहरा ठेव.

ता. क. दुसरा. पत्र बंद करता करता व्याह्यांचा फोन आला. म्हणाले, "घरच्या बाप्तिस्म्याला नेताय हे आधी सांगायचं तरी. हात हलवत आलो." त्यांची बायको त्या बाळासाठी चांदीचा खुळखुळा घेऊन येतेय. तेव्हा गाडी राहू दे. तुझी नात आता किती महिन्यांची झाली? आणि ती अनोळखी माणसाकडे रडते का?