टाकीवरची रजई

मिरास,

मी ताल्दिकोर्गानला आईकडे चाललेय, रविवारी येईन. माशांच्या टाकीवर माझी माहेरची रजई टाकलीय. तीन दिवस टाकीचा दिवा लावू नकोस, रजई उचलून डोकावूही नकोस. अंधारात शेवाळ मरतं, प्रवाळांना काही होत नाही. हे मी वाचून शोधून काढलं, त्याला तुझ्या मत्स्यालय क्लबातली जानेलच लागते असं नाही.

टाकीची काच मी सकाळीच घासली. दर शनिवारी जानेल येऊन बाह्या सरसावून ती घासते आणि तिच्या चहाच्या वाटीत चहा तू स्वतः ओततोस. सोळा वर्षांत माझ्या वाटीत एकदाही ओतला नाहीस.

आणि मासे दोनच आहेत, मिरास. ती गेली की तू त्यांना रोज मूठभर कोळंबी खायला टाकतोस. उरलेली कुजते, शेवाळ त्यावरच पोसतं. हे तिनेच तुला माझ्यासमोर दोनदा सांगितलंय. विसरलास म्हणावं, तर तू तसा विसराळू नाहीस. कोळंबीच्या डब्यात चमचा ठेवलाय. दिवसाला एकच, तोही रजईचा कोपरा जरासा सरकवून.

शनिवारी येऊ नकोस म्हणून तिला आजच कळव. सूप करून ठेवलंय. एका माणसापुरतंच आहे.

कुरालाय