रिकामे कंस

पुणे, ८ नोव्हेंबर १९९८

प्रिय भारती,
सप्रेम जयभीम वि. वि.

तब्येतीला जप, बाळंतपणानंतर पाण्यात हात घालू नकोस. आई-दादांना माझा जयभीम.

कॉम्प्युटर क्लासला काय शिकता, असं विचारलंस. सध्या जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा चालू आहे. तिच्यात इंटरफेस आणि क्लास असे दोन भाग असतात. इंटरफेस म्हणजे नुसती कबुली. कोणकोणती कामं होतील त्यांची नावं असतात, ती कशी होणार ते आत काही नसतं. ती कामं प्रत्यक्ष करतो तो क्लास. एकदा कबुली स्वीकारली की त्यातलं प्रत्येक काम क्लासला लिहावंच लागतं, नाहीतर मशीन अडवतं. काल मी घाईत सगळ्या कामांपुढे रिकामे कंस टाकले. मशीनने चूक दाखवली नाही. प्रोग्रॅम चालला आणि झालं काहीच नाही! सर पोट धरून हसले.

दर रविवारी चाचणी असते, म्हणून यायला जमत नाही. येताना पाळणा आणीन. छकुलीला शेतातून फिरवून आणीन, नावही मीच ठेवीन.

तुझाच,
भीमराज

काष्टी, १६ नोव्हेंबर १९९८

प्रिय भीमराज यांना,
स. ज. वि. वि.

धडा एका वाचनात कळला. पाळणा आणीन, फिरवीन, नाव ठेवीन. बापाच्या कामांची नावं तुम्ही सगळी लिहिलीत आणि पुढे रिकामे कंस. मशीन चूक दाखवत नसेल, मी दाखवते.

आई म्हणते, जावई लई शिकला, पन पोरगी बघायला सवड न्हाई. मी तुमची बाजू घेते आणि मग चुलीपाशी जाऊन रडते. मुलगी दोन महिन्यांची झाली. हसली की तुमच्यासारखी दिसते, आणि ते बघायला तुम्ही नाही. मला तुमची फार आठवण येते.

२९ तारखेला, रविवारी नामकरण ठेवलं आहे. तुम्ही नसलात तर सहादेवमामा नाव ठेवतील. तिने आपलं नाव पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं, तर मला ते सोसणार नाही.

रागावले तरी तुमचीच,
भारती

पुणे, ३० नोव्हेंबर १९९८

प्रिय भारती,
स. ज. वि. वि.

सुखरूप पोचलो. चाचणी बुडाली. सरांना खरं कारण सांगितलं.

तिच्या कानात मी सृष्टी म्हटलं. तू हसलीस आणि लगेच पदराने डोळे पुसलेस, ते मी पाहिलं. काष्टी सोडल्यापासून हात मोकळे मोकळे वाटतात, त्यांचं काय करावं कळत नाही.

पुन्हा कधी येणार ते लिहायला घेतलं होतं. खोडलं. आता लिहिण्याआधी येईन.

माझ्या शर्टाच्या खांद्यावर तिने दूध ओकलं होतं. तो धुतला नाही. आज तोच घालून वर्गात बसलो.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

सृष्टीचा बाप,
भीमराज