प्रथम पाहणारा सभासद

थांब, बादली भरली. ओतून येतो.

आलो. ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार. (नमस्कार खुर्चीवरूनच केला आहे. जमिनीवर पाणी आहे.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना ते पायऱ्या मोठ्याने मोजतात असं तू लिहिलं होतंस. मोजू देत. उतरता येतं हे काय कमी आहे? आम्ही इकडे मजेत आहोत. कागदावर मधूनमधून शाई पसरलेली दिसेल, त्यावरून मी रडत लिहिलं असा समज करून घेऊ नकोस. झोपायच्या खोलीचं छत गळतं आहे. पाऊस नाही. बाहेर लख्ख ऊन आहे.

हे सगळं तुलाच लिहितो, कारण इथे मला कुणाजवळ बोलता येत नाही. बोलायला बंदी नाही, पण जो बोलेल त्याला टाकीवर चढावं लागेल, आणि हा नियम मी केला आहे.

गेल्या वर्षी सोसायटीने मला सेक्रेटरी केलं हे तुला माहीत आहे. निवड एकमताने झाली. (मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो.) बारा घरं, एक जिना, एक गच्ची, एक फाटक. घराच्या आतलं ज्याचं त्याने बघायचं आणि बाहेरचं सामायिक. सामायिक म्हणजे सगळ्यांचं असं मी समजत होतो. महिन्याभरात कळलं की सामायिक म्हणजे सेक्रेटरीचं. तळमजल्यावर खिळ्याला दोरीने बांधलेली तक्रारवही आहे. पहिल्या महिन्यात तिच्यात सत्तेचाळीस नोंदी झाल्या. फाटक कुरकुरतं. जिन्यातला दिवा जास्त पांढरा आहे. जिन्यातला दिवा कमी पांढरा आहे. (हे दोघे समोरासमोर राहतात.) एकाने लिहिलं होतं, गच्चीवरून दिसणारा देखावा पूर्वीसारखा राहिलेला नाही, समितीने लक्ष घालावं. मी ऑफिसातून येऊन जेवायच्या आधी वही वाचत असे, आणि मग जेवण जात नसे.

म्हणून मी नियम दुरुस्त केला. कलम चौदा. तीन संध्याकाळी बसून लिहिलं. सामायिक जागेतला बिघाड जो सभासद प्रथम पाहील व वहीत नोंदवील, त्यानेच कारागीर आणावा आणि स्वतः जागेवर उभं राहून तो दुरुस्त करून घ्यावा. घरातल्या कुणीही नोंद केली तरी ती सभासदाची समजावी. ‘स्वतः जागेवर उभं राहून’ हे शब्द मला फार आवडले होते. सभेत वाचून दाखवताना मी तिथे किंचित थांबलो. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. तक्रारखोर माणूस म्हणजे दुसरा कुणीतरी, अशी प्रत्येकाची खात्री होती, त्यामुळे सगळ्यांनी एकमेकांकडे बघून टाळ्या वाजवल्या.

नियम लागू झाला आणि इमारत एका दिवसात धडधाकट झाली. सात आठवडे वहीत एक अक्षर नाही. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी सभेत वही उघडून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, असं स्वच्छ तोंड मी तीस वर्षांत पाहिलं नाही. माझा सत्कार करावा असंही निघालं होतं, पण सभागृहातली खुर्ची मोडकी होती आणि ती मोडकी आहे असं म्हणायला कुणी तयार होईना, तेव्हा सत्कार उभ्यानेच आटोपला. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा त्याच आठवड्यात गेला. आता संध्याकाळी तिथे माणसं भिंतीला हात लावत चढतात, एकमेकांवर आदळतात, ‘अरे वा, तुम्ही होय’ म्हणतात आणि पुढे जातात. फाटक एका बिजागरीवर आहे. येणारा ते उचलून आत येतो, पुन्हा हळूच टेकवतो आणि हे करताना दुसरीकडे बघतो. माझं कौतुक चाललं होतं, त्यामुळे मीही दुसरीकडे बघत होतो.

मग टाकीतला फ्लोट मोडला. (टाकी भरली की वर येऊन नळ बंद करणारा चेंडू. तो मोडला की पाणी काठावरून वाहत राहतं.) टाकीचं पाणी गच्चीत साठतं, आणि गच्चीखाली कोण राहतं हे तुला ठाऊक आहे. टाकी जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर आहे. तिथे जायला भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी आहे, सतरा पायऱ्यांची, कठडा नसलेली. ताई, मला स्टुलावर चढून घड्याळाला चावी देता येत नाही. बल्ब तुझी भावजय बदलते. हे या इमारतीत तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि सेक्रेटरीबद्दल ते कळावं अशी माझी इच्छा नाही. नियम बदलून घ्यावा म्हटलं तर दुरुस्तीला कारण द्यावं लागतं. कारण दिलं की मी पाहिलं असं होतं.

तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी आधी दिसावं अशी खटपट मी सुरू केली. दुसऱ्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई राहतात. त्यांना म्हटलं, चला, गच्चीवर हवा छान आहे. बाई आल्या. घोटाभर पाण्यात चप्पल बुडाली तरी चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी म्हटलं, ‘बाई, पायाला गार लागत नाही?’ म्हणाल्या, ‘वयाने पाय गारच असतात हो.’ मी म्हटलं, ‘इथे जरा पाणी—’ त्यावर त्या एकदम खूश होऊन म्हणाल्या, ‘तुम्ही पाहिलंत? मग लिहा की!’ मी म्हटलं, पाणी प्यायला घरी चला, असं म्हणत होतो. मग त्यांना घरी आणून पाणी पाजावं लागलं. अध्यक्षांना चहाला बोलावून झोपायच्या खोलीत, गळतीच्या बरोबर खाली बसवलं. त्यांच्या टकलावर थेंब पडत होते. त्यांनी रुमाल काढला, डोकं पुसलं आणि चहा फार गरम होता म्हणाले. प्लंबर ओळखीचा आहे. त्याला जिन्यात गाठून हळूच विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, चढायला दोन मिनिटं. पण कुणाच्या नावावर चढू? मागच्या आठवड्यात फाटकापाशी एकाने बोलावलं आणि मी हत्यारं काढेपर्यंत तो माणूसच नाहीसा झाला.’

घरात वेगळंच युद्ध आहे. तुझी भावजय म्हणते, ‘अहो, तुम्ही पाहिलंत ना?’ मी म्हणतो, मी पाहिलं नाही, मी फक्त भिजलो. ती म्हणते, मग मी लिहिते. ती लिहील तर माझी नोंद समजली जाईल, हे घरातल्यांबद्दलचं वाक्य मीच घातलं. (पहिल्या मजल्यावरची मुलं वहीत चित्रं काढत, त्यांच्या बंदोबस्तासाठी घातलं होतं.) आपलं शिसवी कपाट फुगून त्याचं दार अडकून बसलं आहे. आत माझे सगळे शर्ट आहेत. गेले चार दिवस मी एकाच शर्टावर ऑफिसला जातो आणि साहेबांनी मला, घरी काही अडचण आहे का, असं एकीकडे घेऊन विचारलं. बिघाडाची चौकशी इतक्या आपुलकीने प्रथमच झाली. मी नाही म्हणालो. हिने मला रविवारपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर ती वहीत लिहिणार, आणि सोसायटीची बाराही घरं खाली उभी राहून मला शिडीच्या तिसऱ्या पायरीला मिठी मारलेला बघणार.

असो. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. तुझी आठवण येते. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. १. बऱ्याच दिवसांत तू आली नाहीस. चार दिवस राहायला ये. शनिवारी पोचशील तर उत्तम.

ता. क. २. खरं ते लिहितो. कुणाच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर तिथली खोट मोठ्याने सांगितली नाहीस असं तुझ्या आयुष्यात एकदाही झालेलं नाही. आमच्या लग्नात तू मांडवाचा वाकडा खांब माइकवरून दाखवला होतास. तेव्हा मी तीन महिने बोललो नाही, त्याबद्दल क्षमा माग म्हणालीस तर मागतो. फाटकापासून सुरुवात कर आणि गच्चीपर्यंत आवाज खाली आणू नकोस. तू सभासद नाहीस. पाहुण्याने पाहिलं तर काय करायचं हे कलमात लिहिलेलं नाही, मी तपासलं आहे. म्हणजे मग ते सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांनी मिळून कुणाला तरी वर चढवता येतं.

ता. क. ३. दुसऱ्या दिवशी सकाळी. आठ वाजता छताचा पोपडा हिच्या ऑफिसच्या कपड्यांवर पडला. ती तशीच खाली गेली आणि तिने वहीत लिहिलं. साडेआठला मी सतरा पायऱ्या चढलो. कसा, ते विचारू नकोस, डोळे मिटलेले होते. प्लंबरने नवा फ्लोट बसवला, गळती थांबली, तो उतरून गेला. मी उतरलेलो नाही. सव्वानऊला बाई कपडे वाळत घालायला आल्या. मी हाक मारली. त्यांनी आभाळाकडे पाहून हवा चांगली आहे असं म्हटलं आणि चादर माझ्या बाजूने आडवी टाकली. दहाला अध्यक्ष आले, त्यांनी आवाज कुठून येतो ते न बघता हात हलवला आणि गेले. ही ऑफिसला गेली आहे, सहाला येते. पत्र खिशात होतं, त्यावरच हे लिहून खाली टाकतो आहे. पत्ता घातलेला आहे, कुणीतरी पोस्टात टाकेल, पत्राला कलम लागू नाही. माझी वहीत अजून नोंद झालेली नाही.