उद्यापासून बेल वाजव

देवेश,

आमटी-भात ओट्यावर झाकून ठेवलाय, गरम करून घे. मी आयुषला घेऊन शेजारच्या लीलाकाकूंबरोबर स्टेशनपलीकडे वेस्टला कानाच्या डॉक्टरांकडे चाललेय.

काल तू बेडरूममध्ये फळी लावत होतास, तेव्हा ड्रिलच्या आवाजाने खालचे काका वर भांडायला आले आणि आयुष त्याच भिंतीलगत पाळण्यात गाढ झोपून राहिला. तू म्हणालास, "बापाच्या कामात लुडबुड नाही, गुणी पोरगा." मीही हसले. तू ड्रिल मशीन परत द्यायला गेलास, तेवढ्यात तो उठला. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं. तो आपला खुळखुळा चाटत बसला. परत आपटलं. मग समोर गेले, तर मला बघून लगेच हात पसरले त्याने.

मिस्त्री, पडदेवाला, सगळे लीलाकाकूंनीच सुचवले ना? डॉक्टरही त्यांचेच. सकाळी ताटाचं सांगितलं, तर एरवी इतक्या बोलणाऱ्या काकू लगेच चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

आईंना इतक्यात फोन करू नकोस. फळी जराशी तिरकी झालीय, राहू दे तशीच.

आणि पोराची झोपमोड नको म्हणून बेल न वाजवता हळूच टकटक करायची, असं मी तुला रोज बजावते ना, ते आता सोड. उद्यापासून बेलच वाजव, चांगली दाबून धर. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसेन.

ज्ञानदा